चार बदामी पट्ट्या आणि तांबडा कोबा

ताई, नमस्कार. आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, सासऱ्यांच्या वडलांनी बांधलेलं, चिऱ्यांचं आणि कौलारू. वसरीला, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीला, गेली बारा-तेरा वर्षं फिकट निळा डिस्टेंपर आहे. यंदा चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, तो बदलायचा ठरवला. मला बदामी रंग हवा, एवढंच पक्कं होतं. दुकानातून चार शेड आणल्या, त्यांचे कागद भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले आणि तिथेच अडकले. तीन आठवडे झाले. सकाळी एक आवडतो, दुपारी तोच नकोसा वाटतो, रात्री ट्यूब लावली की चारही सारखे दिसतात. नवऱ्याला चौथा हवा, तो हॉटेलातल्या खोलीसारखा वाटतो म्हणून. सासूबाई म्हणतात, पूर्वी पिवडीचा रंग होता तोच बरा होता. रंगारी म्हणतो, वहिनी, चारही एकच आहेत, कुठलाही घ्या. मैत्रिणीने सांगितलं की उत्तरेला खिडक्या असतील तर उबदार शेडच घ्यावी. आमच्या दोन्ही खिडक्या उत्तरेला, कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेच्या बाजूला आहेत. दार पूर्वेला, अंगणात उघडतं. जमीन तांबड्या कोब्याची, वर लाकडी फळ्यांचं छत. चारही पट्ट्या कापून सोबत पाठवते. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र लिहावं का, असं दोनदा मनात आलं. पण चवथीला सगळी भावकी याच वसरीत बसणार आणि नंतरही ती भिंत मलाच रोज पाहायची आहे.
एक वाचक, डिचोली

ताई,

पत्र लिहिलंत ते फार बरं केलंत. मागचा निळा रंग बारा वर्षं टिकला, म्हणजे आता लावाल तोही तेवढा काळ तुमच्यासमोर राहणार. पहाटे दार उघडताना, दिवेलागणीला, पावसाने दिवसभर कोंडून घातलेलं असताना तुम्ही त्याच भिंतीकडे बघणार. त्यासाठी तीन आठवडे खर्च झाले तर ते वाया गेले असं मी मुळीच म्हणणार नाही.

तुमच्या पट्ट्या आल्या त्या दिवशी पावसाने जरा उघडीप दिली होती. मी त्या घेऊन दारात बसले आणि एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकेक करून ठेवल्या. रंगाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. चौघांचा फिकेपणा जवळजवळ सारखा आहे, चौथा तेवढा किंचित गडद. पण ते एकच आहेत, हे मला मान्य नाही. पांढऱ्या कागदावर ठेवताच चौघांनी आपापलं गाव सांगितलं. पहिला गुलाबट निघाला, दुसरा पिवळसर, तिसरा हिरवट आणि चौथा करडा.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, तो म्हणजे झाक. बदामी हा रंग मला फार विश्वासाचा वाटत नाही, कारण तो ज्याचा त्याचा वेगळा असतो. साल काढलेला बदाम की सालीसकट? दुकानदाराच्या डोक्यात एक, गिऱ्हाइकाच्या डोक्यात दुसरा. शेड कार्डावरची वाळवंटाची, कॉफीची, शिंपल्यांची नावं तर विसरूनच जा. ती नावं ठेवणाऱ्याने तुमची वसरी पाहिलेली नाही. झाक मात्र फसवत नाही. ती ओळखायला पांढरा कागद पुरतो, आणि तरीही शंका राहिली तर त्याच कार्डावरची त्याच घरातली सगळ्यांत गडद पट्टी बघायची. फिकट रंगात जे लपून राहतं ते गडद भावंडात उघडं पडतं. तुमच्या तिसऱ्या पट्टीची गडद बहीण माझ्याकडच्या कार्डावर सापडली, ती सरळ ऑलिव्हसारखी शेवाळी आहे.

ही झाक येते कुठून, तेही सांगते, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दुकानातल्या मशीनखाली पांढऱ्या बेसचा डबा ठेवतात आणि त्यात ठरलेल्या मापाने रंगद्रव्यं पडतात. बदामीच्या कुळातल्या शेड बहुतेक वेळा पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड आणि काळा यांच्यातूनच बनतात. तांबडा वाढला की गुलाबट, पिवळ्यात काळा वाढला की हिरवट, नुसता काळा चढला की करडा. लिटरभर रंगात हा फरक थेंबांचा असतो. म्हणून कार्डावर चौघे भाऊ वाटतात आणि भिंतीवर चढले की चार बाजूंना तोंडं करून बसतात. हा पिवळा आणि तांबडा ऑक्साइड म्हणजे लोखंडाचाच गंज. चिऱ्याला तांबडा रंग त्यानेच येतो, कोब्यातली तांबडी पूडही तीच आणि सासूबाईंची पिवडी हे त्याच लोखंडाचं पिवळं रूप. डिचोलीसारख्या खाणींच्या भागात राहणाऱ्याला लोखंडाच्या मातीची ओळख मी काय करून देणार! पण हे नातं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता तुम्ही अडकलात कशामुळे, ते बघू. चारही कागद तुम्ही निळ्या भिंतीवर लावलेत. डोळा कुठलाही रंग एकटा पाहत नाही, शेजाऱ्यासकट पाहतो. निळ्याच्या शेजारी कुठलाही मातकट रंग आहे त्यापेक्षा जास्त पिवळा, जास्त नारिंगी दिसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे विणकामाचे गालिचे तयार होत, तिथे १८२४ साली शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख झाला. काळ्या धाग्याचा रंग मिळमिळीत येतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा उतरलेला दिसत होता. त्या तक्रारीपासून सुरू झालेला अभ्यास त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहून मांडला. तुमच्या वसरीत नेमकं तेच चाललं आहे. दुसरी पिवळसर पट्टी निळ्यावर हळदीसारखी भडक दिसत असणार, म्हणून ती तुमच्या मनातून उतरली. आणि करडी चौथी पट्टी निळ्यावर छान ऊबदार वाटत असणार, म्हणून तुमच्या यजमानांना ती भावली. ती ऊब तिची स्वतःची नाही, निळ्या भिंतीकडून उसनी आलेली आहे. निळा खरवडून चौथा सगळीकडे लागला की ऊबही जाईल आणि समोर उरेल ती पावसाळी आभाळाच्या रंगाची भिंत. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. त्यांची आवड चुकीची आहे असं मी म्हणत नाही. हॉटेलात तो रंग शोभतो, कारण तिथे जमीन फिकट टाइल्सची असते, छत पांढरं असतं आणि कोपऱ्याकोपऱ्यात पिवळे दिवे लावलेले असतात.

तुमच्याकडे जमीन तांबडी आहे. ताई, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. तुम्ही चार पट्ट्या एकमेकींशी ताडून पाहताय आणि त्यात कुणीच जिंकणार नाही. प्रत्येक पट्टी एकटी घ्या आणि जी गोष्ट तुम्ही बदलणार नाही तिच्याशी ताडा. तो कोबा तुम्ही उखडणार नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. वर्षानुवर्षं पाय लागून आलेली ती झळाळी आज विकत मिळत नाही. छताच्या फळ्या बदलणार नाही, दारं-खिडक्यांचं लाकूड बदलणार नाही. म्हणजे भिंतीला या तिघांच्या पंक्तीला बसायचं आहे.

एवढी मोठी तांबडी जमीन भिंतीच्या रंगावर दोन प्रकारे चाल करते. एक तर तांबड्याच्या शेजारी जो कुठलाच रंग धड नसलेला रंग असतो, तो किंचित हिरवट दिसायला लागतो. हा शेव्रलचाच नियम. त्यामुळे तुमचा तिसरा आणखी हिरवा होईल आणि चौथा करडाही हिरवटाकडे झुकेल. दुसरं म्हणजे दारातून आलेला उजेड जमिनीवर पडून भिंतीवर उडतो, तो तांबूस होऊनच. खालची दीड-दोन फूट भिंत त्यात न्हाऊन निघते. पहिला गुलाबट रंग लावलात तर खाली ओठांच्या रंगाची पट्टी आणि वर बदामी अशी एकाच भिंतीची दोन रूपं होतील. मी हे फोंड्याजवळच्या एका घरात पाहिलं आहे. रंगारी दोनदा हात मारून थकला, पण डाग रंगाचा नव्हताच, उजेडाचा होता.

आणि कुळागर. उत्तरेच्या दोन खिडक्यांतून जो उजेड येतो तो माडा-पोफळींच्या पानांवरून गाळून आलेला असतो, त्यात हिरवा मिसळलेला असतो. पावसाळ्यात तर अंगणही शेवाळतं, म्हणजे पूर्वेकडूनही हिरवाच. डिसेंबरात तेच अंगण सारवून, सुकून मातीच्या रंगाचं होतं आणि वसरीचा उजेड तांबूस होतो. तुमची खोली वर्षातून दोनदा रंग बदलते, हे कधी लक्षात आलं आहे का? पुढे उतरलेल्या पडवीमुळे आणि खोल छपरामुळे आपल्या जुन्या घरांत ऊन सरळ आत येत नाही. जे येतं ते जमिनीवरून, पानांवरून, अंगणातून उसळून. म्हणून आपल्याकडे खिडकी कुठल्या दिशेला आहे यापेक्षा खिडकीबाहेर काय आहे, हे आधी विचारावं.

मैत्रिणीने सांगितलेला उत्तरेचा नियम मुळात खरा आहे, पण तो दूर उत्तरेकडच्या देशांत तयार झालेला. कर्कवृत्ताच्या पलीकडे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, त्यामुळे तिथे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ आभाळाचा निळसर उजेडच येतो. गोवा साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य बरोब्बर आपल्या डोक्यावर असतो, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. मे महिन्यात तुमच्या उत्तरेच्या खिडकीच्या चौकटीवर ऊन येतं, ते यामुळे. नियम पुरता लागू पडत नाही, तरी मैत्रिणीच्या सल्ल्याचा शेवट मला पटतो. उबदार शेड घ्या. मात्र कारण दिशा हे नाही, कारण कुळागर आहे.

हिरव्या उजेडाबद्दल मी एवढं ठासून सांगते, त्यामागे एक जखम आहे. काही वर्षांपूर्वी आईची खोली रंगवताना मी तुमच्या तिसऱ्या पट्टीसारखाच एक रंग निवडला. दुकानातल्या दिव्याखाली तो वाळूसारखा शांत, सुंदर दिसत होता. आईच्या खिडकीबाहेर पोफळी. काम झालं, सामान लागलं, आई आत आली आणि भिंतीवर तळवा टेकवून म्हणाली, "ओल आली काय गो इथे?" भिंत ठणठणीत कोरडी होती. पण आपल्या डोळ्यांना हिरवट भिंत म्हणजे ओल, म्हणजे शेवाळ, हे लहानपणापासून ठाऊक आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात तो रंग नुसता रंग राहत नाही. तीन पावसाळे आईला रोज तीच शंका येत राहिली. मग मी खोली पुन्हा रंगवली, पण ती तीन वर्षं मला अजून बोचतात.

म्हणून तिसरा सोडा. चौथा वरच्या कारणांनी सोडा. पहिला गुलाबट कोब्यामुळे सोडा. उरतो दुसरा, पिवळसर, मी त्याला गव्हाळ म्हणेन. आणि सासूबाई म्हणतात ती पिवडी तरी काय होती? चुन्यात कालवलेलं तेच पिवळं लोखंड. तुमच्या घराच्या जमिनीने आणि चिऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो रंग शेजारी मानला होता, त्याचाच हा फिका, आजच्या डब्यातला नातेवाईक आहे. तांबड्या कोब्याशी त्याचं भांडण नाही, कारण दोघांच्या अंगात एकच धातू आहे. हिरव्या उजेडाला तो पिवळेपणाने सावरून घेतो. लाकडाजवळ तर तो घरचाच वाटतो.

फक्त तो आहे तसा घेऊ नका. कार्डावरची पट्टी बोटभर असते आणि वसरीला चार भिंती असतात. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, त्यामुळे सगळी खोली रंगवली की तोच रंग पट्टीपेक्षा गडद आणि जास्त पिवळा होऊन येतो. वर तुमचं छत काळसर लाकडाचं. दुकानदाराला सांगा, हीच शेड, पण रंगद्रव्य निम्म्या मापाने. मशीनवर हे करता येतं. छोट्या डब्यात थेंबांची मापं नीट विभागली जात नाहीत, तेव्हा निम्म्या मापाचा नमुना निदान लिटरभराचा करून घ्या. त्याच्यासोबत मूळ मापाच्या रंगाचाही सर्वांत लहान डबा आणा. आता तुमच्यापुढे चार रंग उरले नाहीत, एकाच रंगाची दोन वजनं उरली. यातलं कुठलंही घेतलंत तरी चूक होणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

यातून एक निवडायचं ते असं. निळ्या भिंतीवर थेट ठिगळ मारू नका. सुताराकडून दोन फूट लांबी-रुंदीचे प्लायवुडचे दोन तुकडे आणा, त्यांना पांढरा प्रायमर लावा, मग प्रत्येकाला एकेका रंगाचे दोन हात, कडेपासून कडेपर्यंत. इमल्शन, म्हणजे हल्लीचा डब्यातला पाण्याचा रंग, ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर किंचित गडद होतं, म्हणून दुसरा दिवस उजाडेपर्यंत मत बनवू नका. मग एका वेळी एकच फळी भिंतीला टेकवून उभी करा. आडवी ठेवून बघण्यात अर्थ नाही, आडव्या रंगावर उजेड वेगळा पडतो. फळी जमिनीला टेकवा म्हणजे तिची खालची कड कोब्याला भिडेल, आणि फळीमागची निळी भिंत जुन्या पांढऱ्या पंचाने किंवा चादरीने झाका. एक दिवस दाराजवळ, एक दिवस खिडकीच्या भिंतीवर, एक दिवस गणपती बसतो त्या कोनाड्याजवळ. धो धो पावसातही बघा आणि उघडिपीतही. फोनवर फोटो काढून बहिणीला पाठवू नका. फोन स्वतःच्या अकलेने पांढरा ठरवतो आणि ज्या बारीक झाकेसाठी आपण एवढा खटाटोप करतोय तीच पुसून टाकतो.

रात्री चारही सारखे दिसतात, असं तुम्ही लिहिलंत. दोष तुमच्या नजरेचा नाही, ट्यूबचा आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब ६५०० केल्विनची असते (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा), तिच्या निळसर उजेडात मातकट रंगांचा जीव जातो. पिवळा धमक २७०० केल्विनचा दिवाही गव्हाळ रंगाला नको, तो त्याला हळदीत बुडवतो. वसरीला ४००० केल्विनची ट्यूब लावा. खोक्यावर सीआरआय म्हणून एक आकडा असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा तो माप. साध्या दिव्यांचा तो ८० च्या आसपास असतो, ९० चा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. दिवा आधी बदला आणि मगच फळी बघा, नाहीतर रंग एका उजेडात निवडाल आणि राहाल दुसऱ्या उजेडात.

आता चवथीचं. इथे मी तुम्हाला नको असलेलं उत्तर देणार आहे. चवथीआधी घर रंगवायचं ही आपली रीत चुन्याच्या काळातली. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, थोडी ओल असली तरी चालवून घेतो, आणि खराब झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा मारला जातो. प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारं इमल्शन ओल्या भिंतीवर मारलं की ओल आत कोंडते, फुगे येतात, पोपडे सुटतात, लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, वर येतो. भिंत ओली आहे की नाही, ते तळव्याने कळत नाही. जाड प्लास्टिकचा हातभर लांबी-रुंदीचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि दिवसभर, रात्रभर तसाच राहू द्या. आतल्या बाजूला, भिंतीकडून घाम धरला असेल तर तिथे यंदा हात लावायचा नाही. पश्चिमेची भिंत आणि जमिनीलगतचा भाग नक्की तपासा. सगळं कोरडं निघालं तर खुशाल रंगवा. घाम धरला तर भिंत स्वच्छ करा, बुरशी असेल तिथे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून घ्या, गणपतीमागे सासूबाईंची एखादी चांगली नऊवारी लावा आणि रंगाचं काम नोव्हेंबरच्या शेवटाला धरा. भावकीतलं कुणी जुन्या निळ्या भिंतीबद्दल बोललं, तर बोलू दे. नव्या रंगाला मार्गशीर्षात पोपडे सुटलेले पाहण्यापेक्षा ते बरं.

कामाच्या वेळी रंगाऱ्याकडून जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडून घ्या. "वरून मारतो वहिनी, काही होत नाही," असं तो म्हणेल. डिस्टेंपर भुकटी होऊन सुटतो आणि वरचा रंग सोबत घेऊन येतो, तेव्हा इथे ढिलाई नको. खरवडणं, डागडुजी, पॉलिश पेपर, प्रायमर, मग दोन हात. चकाकीच्या बाबतीत माझं मत मॅटकडे, पण धुता येणाऱ्या मॅटकडे. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला पोट असतं, चकाकी ते प्रत्येक दिव्याला दाखवते. आणि समई-अगरबत्तीच्या धुराने गणपतीच्या कोनाड्याजवळची भिंत काळवंडते, तिथे ओल्या फडक्याने पुसता यायला हवं. नमुन्याच्या फळीलाही हेच फिनिश लावा, कारण तोच रंग मॅटमध्ये आणि चकाकीत वेगवेगळा दिसतो.

वसरीची मापं तुम्ही दिली नाहीत. समजा ती १८ बाय १२ फूट आणि भिंती १० फूट उंच असतील, तर दार-खिडक्या वजा जाता सुमारे ५०० चौरस फूट रंगवायचे. गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे सुमारे १२० चौरस फूट जातं, जुन्या भिंतीवर कमी. पाच लिटर धरा आणि सगळा एकाच दिवशी, एकाच दुकानात करून घ्या. डबे वेगवेगळे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच भिंतीला लावा, म्हणजे एका डब्याची भिंत आणि दुसऱ्या डब्याची भिंत असा भेद उरत नाही. निम्म्या मापाची शेड कार्डावर नसते, तेव्हा डब्यावरची मापांची चिठ्ठी काढून घरच्या कागदपत्रांत ठेवा. अर्धा लिटर रंग घट्ट झाकण लावून बाजूला ठेवा, खिळा ठोकलेली जागा बुजवायला लागतो.

यंदा रंग लागला नाही, तर चवथीचे दिवस वाया घालवू नका. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधून झाली, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, आंबाडे लटकले, समया पेटल्या की आधी एक आणि नंतर दुसरी, अशा त्या फळ्या माटोळीखाली, मागच्या भिंतीला उभ्या करा. वर्षभरात या भिंतीसमोर सगळ्यांत जास्त रंग आणि सगळ्यांत जास्त माणसं त्याच दिवशी असतात. यजमानांना दोन्ही दाखवा. आणि कुठल्या फळीवर कोणतं माप आहे हे न सांगता सासूबाईंना विचारा. त्या वसरीत त्या तुमच्याआधीपासून राहताहेत, पिवडीची भिंतही त्यांनी पाहिली आहे आणि निळीही. त्यांनी ज्या फळीवर बोट ठेवलं तीच मापाची चिठ्ठी घेऊन दुकानात जा.